इंग्रजी बोलताना दातखीळ बसते: मानसिक त्रास असणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी साताऱ्यात २२ वर्षं इंग्रजी शिकवते आणि गेली ११ वर्षं पॅनिक डिसऑर्डरसाठी, म्हणजे अचानक येणाऱ्या घबराटीच्या झटक्यांसाठी, उपचार घेते. दर शनिवारी संध्याकाळी राजवाड्याच्या मागे एका खोलीत आम्ही दहा-बारा जण इंग्रजी बोलायला जमतो. कुणाला चिंतेचा आजार आहे, कुणाला ओसीडी (नको ते विचार आणि पुन्हा पुन्हा तपासणं थांबवता न येण्याचा आजार), कुणी डिप्रेशनमधून नुकतं डोकं वर काढतंय. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवते. मी डॉक्टर नाही. औषधांबद्दल जे लिहिलंय ते घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावं, परस्पर काही करू नये.

मला इंग्रजी वाचता येतं, पिक्चर कळतो. तोंड उघडलं की मात्र ततपप होतं. असं का?

बोलताना डोक्याला एकाच वेळी चार कामं असतात. काय सांगायचं ते ठरवायचं, शब्द शोधायचे, ते काळात आणि वचनात बसवायचे, आणि जीभ वळवायची. मराठीत यातलं बरंचसं आपसूक होतं. इंग्रजीत प्रत्येक गोष्ट लक्ष देऊन करावी लागते, आणि हे सगळं जिथे चालतं ती डोक्यातली जागा, मानसशास्त्रात जिला कार्यस्मृती म्हणतात, अगदी लहान असते. घरात गॅसची शेगडी एकच आणि त्यावर चार भांडी चढवायची, तसा प्रकार. त्यात 'समोरचा हसतोय का', 'मघाशी हॅज म्हणालो की हॅव' ही पाचवी कढई येऊन बसते आणि चारही भांडी खाली उतरतात. शब्द हरवलेला नसतो. म्हणून तर परत निघाल्यावर रिक्षात बसलं की नेमका आठवतो.

शरीरही साथ देत नाही. तोंडाला कोरड पडते, श्वास वरच्यावर चालतो, आणि तेवढ्या श्वासात इंग्रजी वाक्य पुरं होत नाही. ते अर्ध्यात तुटतं, ऐकणाऱ्याला वाटतं येत नाही.

१९८६ साली अमेरिकेत इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गात परकी भाषा बोलताना वाटणाऱ्या या भीतीचा वेगळा विचार केला आणि ती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली. एरवी चारचौघांत धीट असणारा माणूसही परक्या भाषेत गार पडू शकतो, हे त्यातून मान्य झालं.

आपल्याकडे याच्यावर आणखी एक थर आहे. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. राज्यात ते २००० साली पहिलीपासून आलं. इथून घाट चढून पाचगणीला गेलं की बोर्डिंगची मुलं पाणीपुरीवाल्याशीसुद्धा इंग्रजीत बोलतात. त्याच जिल्ह्यात जावळीतल्या पोराला पुस्तकाबाहेर इंग्रजी कानावर पडत नाही. आणि गंमत म्हणजे मराठी चुकलं तर व्याकरण चुकतं, इंग्रजी चुकलं तर लायकी निघते. हा धाक आजारातून आलेला नाही, पण आजारी माणसाला तो दुप्पट लागतो.

ही साधी लाज आहे की आजार? कसं ओळखायचं?

आधी स्वतःला विचारा, मराठीत काय होतं? बँकेत काउंटरवर विचारताना, लग्नात ओळखीपाळखीच्या चार माणसांत जेवताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करताना छाती धडधडते का? तिथे ठीक असाल आणि फक्त इंग्रजीत अडत असेल, तर बहुधा ती भाषेची भीती आहे आणि सरावाने ती पुष्कळ उतरते.

मराठीतही तेच होत असेल, 'लोक आपल्याला जोखतायत' हे मनातून जात नसेल, त्यापायी तुम्ही कार्यक्रम, फोन, नोकरीच्या संधी टाळत असाल आणि हे सहा महिने किंवा त्याहून जास्त चाललं असेल, तर त्याला सोशल अँग्झायटी म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. अशा माणसाने क्लासवर क्लास लावले तर पैसे जातात आणि वर 'मला क्लास लावूनही येत नाही' हा नवा डाग बसतो. माझ्याकडे अशी चार-चार क्लासची सर्टिफिकेटं घेऊन माणसं येतात.

क्लासमध्ये सांगतात, 'लाज सोडा, स्टेजवर या, बोला.' तसं केलं तर भीती मोडत नाही का?

काहींची मोडते. ज्यांची मोडते त्यांचेच फोटो क्लासच्या बोर्डावर लागतात.

माझंच सांगते. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला एका सरांनी मला उभं केलं आणि वाक्य पुरं होईपर्यंत बसायचं नाही म्हणाले. मी पूर्ण तास उभी होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता, ते त्याला 'पोहायला शिकवणं' म्हणत. त्यानंतर दोन वर्षं मी त्या तासाच्या दिवशी घरूनच निघत नसे.

भीतीला सामोरं जाणं हा खरोखरच उपचार आहे, पण त्याला पायऱ्या असतात. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सगळ्यात कमी भीतीची गोष्ट आधी, ती पचल्यावर पुढची, असा क्रम होता. विवेकनिष्ठ उपचारपद्धती, म्हणजे विचार बदलून भावना बदलायची पद्धत, मांडणारे अल्बर्ट एलिस यांची गोष्ट तर तिच्यावर मराठीत लिहिणारे कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. एकोणिसाव्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या एका बागेत महिनाभर जाऊन बाकावरच्या शंभराच्या वर अनोळखी बायकांशी स्वतःहून बोलले. क्लासवाले ही गोष्ट फार आवडीने सांगतात. पण त्यातलं 'स्वतःहून' गाळतात. जागा त्यांनी निवडली होती, वेळ त्यांनी निवडली होती, आणि उठून घरी जायला ते मोकळे होते.

मग तुमच्या गटात काय वेगळं करता?

एक नियम सगळ्यात वर आहे. कुणीही, कधीही, वाक्याच्या अर्ध्यातसुद्धा 'पास' म्हणू शकतो. कारण विचारायचं नाही, 'पुढच्या वेळी हं' असंही म्हणायचं नाही. सुरुवातीला मला वाटलं होतं की सगळे पासच म्हणत बसतील. पहिले दोन शनिवार म्हणालेही. तिसऱ्या शनिवारी एक जण, जो मराठीतसुद्धा मान डोलावून उत्तर द्यायचा, तीन वाक्यं बोलला. दार उघडं आहे हे कळलं की माणूस खोलीत बसू शकतो, एवढंच माझ्या ध्यानात आलं. आता माझा सगळा कारभार या नियमावर चालतो.

दुसरा नियम हसण्याचा. हसायला बंदी नाही, पण हसलो तर का हसलो ते मोठ्याने सांगायचं. 'खिडकीतलं माकड बघून हसलो.' ज्यांना लोक आपल्यावरच हसतायत असं वाटतं, त्यांना हा नियम औषधासारखा लागू पडतो.

चुका मी बोलताना सुधारत नाही. वहीत टिपते आणि ज्याला हवं त्याला निघताना चिठ्ठी देते. न घेताच जाणारेही आहेत.

घरी एकट्याने सुरुवात कुठून करू?

पायऱ्यांनीच. आधी एकच परिच्छेद आठवडाभर रोज मोठ्याने वाचा. नवा घ्यायचा नाही, तोच. मग फोनवर स्वतःचं दोन मिनिटं बोलणं रेकॉर्ड करा आणि न ऐकता पुसून टाका. ऐकायची घाई केली तर सगळा सराव परीक्षेत बदलतो. मग ज्याच्यासमोर चूक चालते असा एक माणूस शोधा.

त्यानंतरची पायरी आमच्या गटातल्या एका मुलीने शोधली आणि ती मला फार आवडते. मोबाईल कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावायचा आणि इंग्रजीचा पर्याय दाबायचा. समोरच्याचं कामच ऐकून घेण्याचं असतं, तो तुम्हाला ओळखत नाही, उद्या मोती चौकात भेटणार नाही, आणि नको वाटलं तर फोन ठेवता येतो. रिचार्जच्या प्लॅनबद्दल तिने इतके प्रश्न विचारलेत की तिला आता सगळे प्लॅन पाठ आहेत. कासला फुलांच्या दिवसांत बाहेरचे लोक येतात, त्यांना रस्ता सांगणं ही तिची पुढची पायरी होती.

माझ्या गोळ्यांमुळे शब्द आठवत नाहीत का?

होऊ शकतं, आणि हे विचारायला लाजायचं कारण नाही. झोपेच्या किंवा घबराटीच्या काही गोळ्या, म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या जातीच्या, नवीन गोष्ट डोक्यात पक्की बसू देत नाहीत. गोळी घेऊन पाठ केलेलं सकाळी पुसट होतं. काही मानसिक आजारांच्या औषधांनी अंग जड होतं, झापड येते. त्या औषधांनी आलेला ताठरपणा कमी करायला ट्रायहेक्सिफेनिडिल देतात, त्याने तोंड सुकतं आणि विसरायला होतं. लिथियमने हात बारीक थरथरतो, तहान लागते. समोरच्याला वाटतं माणूस घाबरलाय.

पण आजारही शब्द खातो. डिप्रेशनमध्ये विचारच संथ होतो, एकाग्रता जाते. म्हणजे दोष गोळीचा की आजाराचा, हे आपण घरी बसून ठरवू शकत नाही. डॉक्टरांना नेमकं सांगा: 'सकाळी अकरापर्यंत जीभ जड असते, माझा क्लास दहाला असतो.' कधी कधी वेळ बदलूनही भागतं. मनाने गोळी बंद केल्यावर काय होतं ते मी स्वतः एकदा करून पाहिलंय. इंग्रजी सुधारलं नाही, मराठीही गेली.

आणखी एक. भाषणाआधी घ्यायची म्हणून कुणीतरी मित्र प्रोप्रानोलॉल सुचवतो. ती हृदयाची धडधड आणि हाताचा कंप कमी करते हे खरं, पण दमा असणाऱ्याला धोक्याची आहे. मित्राच्या सांगण्यावरून घेऊ नका.

डिप्रेशनमध्ये मराठी बोलायचंही जिवावर येतं. सराव कसा करू?

करू नका. अशा दिवसांत ऐकणं पुरे, तेही जुनंच काहीतरी, पाच-दहा मिनिटं. नवी भाषा शिकणारा सुरुवातीला बराच काळ नुसता ऐकत राहतो, आणि त्या गप्प काळातही आत काहीतरी साठत असतं, असं भाषाशिक्षणातले स्टीफन क्रॅशन वगैरे मंडळी मानतात. अंथरुणातून उठवत नाही त्या आठवड्यात 'रोज दहा शब्द' असला संकल्प करणं म्हणजे हरायची तारीख ठरवणं.

मला ओसीडी आहे. वाक्य मनात पंधरा वेळा तपासल्याशिवाय बोलवत नाही, तोपर्यंत विषय पुढे जातो.

इथे जास्त अभ्यास हा उतारा नाही, उलट तो तपासण्याला खाद्य पुरवतो. तुमच्या थेरपिस्टला सांगून मुद्दाम चुकीचं वाक्य बोलण्याचा सराव करता येतो. आमच्याकडे एक जण दर शनिवारी 'ही गो टू मार्केट' म्हणतो आणि तसंच सोडून देतो. त्याला पहिल्या वेळी घाम फुटला होता.

माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याला इंग्रजी शिकायचंय. ताई, झेपेल का?

आजार आटोक्यात असेल आणि त्याची स्वतःची इच्छा असेल, तर जरूर शिकू द्या. या आजारात लक्ष आणि स्मरण यांवर परिणाम होतो, म्हणून वेग कमी ठेवायचा. एकास एक शिकवणी, वीस मिनिटांचा धडा, फळ्यावर किंवा कागदावर वाक्य समोर लिहिलेलं. मोठ्या वर्गात एकदम घालू नका. आणि तुम्ही शेजारी बसून त्याच्या वतीने उत्तरं देऊ नका, काकू. हे सगळ्याच आया करतात.

माझा भाऊ एरवी इंग्रजीचा एक शब्द बोलत नाही. आठवड्यापासून रात्रंदिवस फाडफाड इंग्रजी बोलतोय. गावातले म्हणतात, बाहेरचं आहे.

आजच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. झोप नसताना थकवा न वाटणं, बोलणं थांबवताच न येणं, मोठमोठे बेत, पैशांची उधळपट्टी, ही बायपोलर आजारातल्या मॅनियाची लक्षणं असू शकतात. इंग्रजी कुठून आलं? शाळेतून, क्रिकेटच्या कॉमेंट्रीतून, पिक्चरमधून, ते आत होतंच. एरवी चुकण्याच्या भीतीने तोंडावर बसलेला पहारेकरी मॅनियात उठून जातो. नीट ऐका, बरीचशी वाक्यं फिरून फिरून तीच असतात.

डॉ. नरेंद्र दाभोलकर याच साताऱ्याचे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम त्यांनी १९८९ पासून उभं केलं. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. उपचारांनी तो शांत झाला की त्याला वाटेल, गोळ्यांनी माझं इंग्रजी काढून घेतलं. ही हुरहुर खरी असते. तिची चेष्टा करू नका. त्या दिवसांतली त्याची दोन-चार चांगली वाक्यं आठवत असतील तर तिथूनच सावकाश पुन्हा सुरुवात करता येते.

पुण्याला इंटरव्ह्यू आहे. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ'लाच फेफे उडते.

सगळी ओळख पाठ करू नका. एक शब्द निसटला की पुढचं सगळं घसरतं. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवा, मधे तीन मुद्दे नुसते लक्षात ठेवा. वेळ मागून घेणारी वाक्यं मात्र झोपेतही यावीत अशी घोटा: 'कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?', 'गिव्ह मी अ मोमेंट, प्लीज.' इंग्रजी येणारी माणसं ही वाक्यं सतत वापरतात, आपल्यालाच ती कमीपणाची वाटतात.

स्वारगेटच्या विनाथांबा गाडीत बसलात की पहिला तासभर काही वाचू नका. खंबाटकी उतरल्यावर एकदा ते पहिलं वाक्य पुटपुटा, बस. चहा-कॉफी एका कपावर थांबवा, छातीची धडधड त्याने वाढते. पाण्याची बाटली आत न्या. घबराटीचा झटका आलाच, तर तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जाऊन उतरू लागतो हे लक्षात असू द्या. पाय जमिनीवर टेकवा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा.

आयईएलटीएसची (परदेशी जाणाऱ्यांना द्यावी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची) स्पीकिंगची परीक्षा?

ती ११ ते १४ मिनिटांची असते, तीन भागांत. दुसऱ्या भागात विषय मिळाल्यावर तयारीला एक मिनिट देतात आणि एक-दोन मिनिटं बोलायचं असतं. ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चारांना सारखंच वजन आहे. उच्चार समजण्यासारखे हवेत, साहेबासारखे नव्हेत. सातारी हेल चालतो. आजारामुळे वेगळी सोय लागणार असेल तर डॉक्टरांच्या कागदासह परीक्षा केंद्राला खूप आधी कळवावं लागतं, आयत्या वेळी काही होत नाही.

स्पर्धा परीक्षेची मुलाखत इंग्रजीतच द्यावी लागते का?

नाही. यूपीएससीची २७५ गुणांची मुलाखतही मराठीतून देता येते. हे माहीत नसल्याने उगाच झोप घालवणारी मुलं मी पाहिली आहेत.

शिक्षकांना किंवा ऑफिसात आजाराबद्दल सांगू का?

आजाराचं नाव सांगायला तुम्ही बांधलेले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलाय. गरज तेवढी सांगा: 'मला अचानक उभं करू नका, आधी सांगितलंत तर मी बोलेन.' बहुतेक शिक्षक ऐकतात.

आजार दीर्घ आणि गंभीर असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही येतो. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर आरक्षणासारख्या सवलती मिळू शकतात. प्रमाणपत्र काढायचं की नाही, हा घरात बसून शांतपणे ठरवायचा विषय आहे. काहींना त्याने दिलासा मिळतो, काहींना शिक्का वाटतो, आणि दोघांचंही मला पटतं.

पाहुण्यांसमोर 'बाळा, इंग्रजीत बोलून दाखव' म्हटलं तर काय बिघडतं?

तुम्हाला कुणी पाहुण्यांसमोर नाचून दाखव म्हटलं तर?

मनातलं दुःख मला मराठीपेक्षा इंग्रजीत सांगणं सोपं जातं. हे विचित्र आहे का?

अजिबात नाही. आईच्या भाषेत शब्दाला लहानपणापासूनचं रक्त चिकटलेलं असतं. 'मला जगावंसं वाटत नाही' हे मराठीत म्हणताना घशात अडकतं. 'आय अ‍ॅम फीलिंग लो' हे जरा हात लांब धरून म्हणता येतं. शिकून घेतलेल्या भाषेत भावनेची धार कमी लागते, हे अभ्यासकांनीही नोंदवलंय. आमच्या गटातले एक काका, मुलगा गेल्यापासून घरी गप्प असतात. त्याच्याबद्दल ते पहिल्यांदा बोलले ते तोडक्यामोडक्या इंग्रजीत, सगळी क्रियापदं वर्तमानकाळात. मी त्या दिवशी वहीत काही टिपलं नाही.

मात्र डॉक्टरांना सांगताना जी भाषा येईल ती वापरा. आणि 'लो' म्हणजे किती खाली, हे मराठीत सांगायची वेळ आली तर तेही सांगा.

मदत कुठे मिळेल?

टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर सराव, क्लास सगळं बाजूला ठेवून आधी तिथे फोन करा, किंवा घरातल्या एकाला उठवा. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, आणि सांगली-मिरजेकडच्यांना तिथली शासकीय रुग्णालयं आहेत. दाभोलकरांनी सुरू केलेली 'परिवर्तन' संस्था साताऱ्यात व्यसनमुक्तीबरोबर मानसिक आरोग्याचंही काम करते.

शनिवारी यायचं असेल तर काय आणू?

वही आणा, नसली तरी चालेल. फी नाही, चहाचे दहा रुपये डब्यात टाकायचे. पहिल्या दिवशी कुणाला सोबत आणलंत तर त्यांनाही बसू देतो, फक्त त्यांनाही 'पास'चा नियम लागू. सहाला सुरू होतं. पावसाळ्यात जिना निसरडा असतो, कठड्याला धरून या.